पाणी पिऊन येतो

रंभाजी साखर कारखान्याच्या डाकेवर शिपाई होता. दर मंगळवारी सकाळी सातच्या एस.टी.नं तो नगरला जायचा. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत कारखान्याचं टपाल, आणि टपालाच्या तळाशी, कुणाच्या नजरेला पडू नये अशी त्याची स्वतःची वही. कारखान्यातले गेटपासचे जुने कागद एका बाजूनं छापील असतात. त्यांची कोरी बाजू वर घेऊन, दाभणानं शिवून तो वह्या करी. त्या कोऱ्या बाजूंवर त्यानं वीस वर्षं कथा लिहिल्या.

त्याचं घर आणि माझं घर एका भिंतीनं जोडलेलं. तो लिहीत असला की भिंतीपलीकडून काही ऐकू यायचं नाही, आणि लिहिणं थांबलं की खोकायचा. त्यावरून मला कळायचं. गावच्या वाचनालयातली साडेचारशे पुस्तकं त्यानं दोन-दोनदा वाचली होती. कथा मासिकांना पाठवायचा. पाकिटं परत यायची. कारखान्याचं टपाल वाटणाऱ्या माणसाला स्वतःचं टपाल तेवढं परत येताना दिसायचं. पण तो कधी रडगाणं गायला नाही. "कागद आपलाच हाय, पुन्हा वाचू," म्हणायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर त्याला पंकज भेटला. पंकज आमच्याच तालुक्यातल्या बौद्ध कुटुंबातला, मास्तरांचा मुलगा. पुण्याला शिकून आला आणि नगरच्या स्टँडमागं त्यानं कॉम्प्युटरचा क्लास काढला. कारखान्याचे काही तक्ते तिथं टाइप व्हायचे, ते आणायला रंभाजी गेला. पंकज तेव्हा पडद्यावर काहीतरी वाचत एकटाच हसत होता.

"काय वाचताय साहेब?"

"साहेब कशाला, काका? गट आहे आमचा. पानखूण नावाचा. पुस्तकं वाचणारी माणसं आहेत. कुणी पुण्याचं, कुणी मस्कतचं, कुणी अमेरिकेतलं. एकानं पुस्तकावर लिहिलं की सगळ्यांना जातं. मग भांडतात."

"पुस्तकावरनं भांडत्यात?"

"लई."

रंभाजी स्टूल ओढून बसला तो पाचच्या गाडीलाच उठला. मराठी शब्द, पण अक्षरं इंग्रजी. पंकज वाचून दाखवी आणि रंभाजी डोळे मिटून ऐके. सातासमुद्रापार कुणी बाई एका कादंबरीतल्या विहिरीबद्दल लिहीत होती, आणि तिला उत्तर देणारा म्हणत होता की ती विहीर लेखकानं पाहिलेलीच नाही. रंभाजीला वाटलं, आपण जन्मभर ज्या बैठकीचा पत्ता शोधत होतो ती इथं, या काचेत भरलीय.

त्यानंतर दर मंगळवारी त्याचं काम एकला आटपायचं आणि चार तास तो पंकजकडं बसायचा. फोनच्या तारेला जोडलेला डबा आधी किंचाळायचा, मग गुरगुरायचा, मग गप्प व्हायचा. तो गप्प झाला की माणसं बोलू लागायची. रंभाजी तोंडानं सांगे, पंकज टाइप करी. तिसऱ्या मंगळवारी त्यानं धीर केला. पिशवीच्या तळातून वही काढली आणि स्वतःची एक कथा सांगितली. पंकजनं खाली लिहिलं, लेखक: रंभाजी, कारखान्यात शिपाई.

पुढच्या मंगळवारी एकच उत्तर आलं होतं. पुण्याच्या कुणा गृहस्थांचं. दोन शब्दांचं. छान प्रयत्न.

"प्रयत्न म्हंजे?" रंभाजीनं विचारलं.

"म्हणजे... चांगलं म्हणलेत काका."

"मी वीस वर्सं प्रेत्न करतोय व्हय रं?"

रंभाजी बराच वेळ त्या दोन शब्दांकडं बघत राहिला. इंग्रजी अक्षरं त्याला नीट लागत नव्हती, तरी बघत राहिला. मग त्यानं दुसरी वही काढली. "लिव्ह," म्हणाला, "ही कथा माझी न्हाई. आमच्या तालुक्यात एक लेखक हुता. श्रीमंत भीमाकाठे. वारला. त्याच्या वह्या माझ्यापशी हायत."

हे असं झालं. पुढचं सगळं या एका वाक्यातून आलं.

त्या कथेवर एकवीस उत्तरं आली. मस्कतच्या बाईंनी लिहिलं की रात्री उठून पुन्हा वाचली. अमेरिकेतल्या इंजिनिअरनं ती आपल्या आईला फोनवर वाचून दाखवली. 'छान प्रयत्न' म्हणणाऱ्या पुण्याच्या गृहस्थांनी दीड पान लिहिलं आणि शेवटी विचारलं, असा माणूस आजवर अंधारात राहिलाच कसा? माणूस समोर स्टुलावर बसला होता, आणि त्याच्या मांडीवर खाकी पिशवी होती.

पण खोट्याला दर मंगळवारी भूक लागायची. भीमाकाठे कुठं राहायचे? कसे दिसायचे? कधी गेले? रंभाजीला कथा रचता यायच्या, पण माणूस नुसत्या हवेतून उभा करणं त्याला जमेना. त्याला चेहरा पाहिजे होता. मनात चाचपडताना जो चेहरा हाती लागला तो त्यानं घेतला. तो आसारामचा होता.

आसाराम आमच्या गल्लीतला. बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही सगळे सरकारी कामावर खडी फोडायला होतो. तिथं घण बसून आसारामचा डाव्या हाताचा अंगठा गेला. नंतर तो ओंजळीनं पाणी प्यायला लागला की पाणी त्या बाजूनं गळायचं, आणि त्याची बायको आक्काबाई हसून आपला तळवा खाली धरायची. एका दुपारी त्यानं घण ढिगावर ठेवला, बायकोला म्हणाला, "पाणी पिऊन येतो," आणि गेला. तो आलाच नाही. कुणी म्हणालं सुरतेला दिसला, कुणी म्हणालं गाडीखाली आला. मढं सापडलं नाही, खबर आली नाही.

आक्काबाई तेव्हा विशीची होती. तिनं कुंकू लावणं सोडलं नाही. सव्वीस वर्षं, रुपयाएवढं, कपाळाच्या मधोमध. आधी बायका कुजबुजल्या, मग थकल्या, आणि हळूहळू असं झालं की गावातल्या कुठल्याही लग्नात जात्याला हळद लावायला पहिला हात आक्काबाईचा. ओव्या तिच्याइतक्या कुणाला येत नव्हत्या. "माझा मालक पानी प्यायला गेलाय," ती म्हणायची, "पानी लांब असंल." कुणी हसलं तर तीही हसायची. त्या कुंकवावर ती उभी होती. मानानं, पाच सवाष्णींत पहिली.

हे रंभाजीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मस्कत लांब, अमेरिका त्याहून लांब. तिथल्या माणसांना सांगितलेलं आमच्या गल्लीत परत येईल असं त्याला वाटलं नाही. डाकेवर काम करणाऱ्या माणसानं हे विसरायला नको होतं. पाठवलेलं परत येतं, हे त्याच्याइतकं कुणी पाहिलं होतं?

त्यानं पंकजला सांगितलं ते असं. श्रीमंत भीमाकाठे हे टोपणनाव. खरं नाव सांगायला लेखकानं मना केलंय. डाव्या हाताला अंगठा नव्हता. दुष्काळात खडीच्या कामावरून निघून गेला. चौऱ्याहत्तरच्या पौषात बार्शीच्या एका धर्मशाळेत मेला. आणि पुढच्या कथेत रंभाजीनं एक माणूस घातला, जो घण खाली ठेवतो, बायकोला म्हणतो, पाणी पिऊन येतो, आणि जातो. ती कथा त्याची सगळ्यात चांगली कथा होती. मी नंतर वाचली म्हणून सांगतो.

गटात नगरचे एक इमॅन्युएल सर होते. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, पुस्तकांनी भरलेल्या दोन खोल्यांत एकटे राहणारे. ते पंकजच्या क्लासवर आले, त्यांनी रंभाजीचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही केवढी ठेव जपलीत," म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. रंभाजीनं मला पुढं सांगितलं, "त्या वक्ताला सांगून टाकावं वाटलं. पन माझ्या लिवन्यासाठी कुनाचं डोळं भरल्यालं मी पैल्यांदाच बघत हुतो. म्हन्लं, जरा येळ बघू."

तो 'जरा वेळ' फार लांबला. इमॅन्युएल सरांनी जिल्ह्याच्या एका दैनिकात, रविवारच्या पुरवणीत, अर्धं पान लेख लिहिला.

रविवारी सकाळी छगनच्या सलूनमध्ये पेपर मोठ्यानं वाचायची पाळी माझी होती. माघ संपत आला होता. कारखान्याचा धूर खाली उतरला होता आणि मळीचा आंबूस वास सगळ्या आळीत दाटला होता. छगन एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. मी मथळा वाचला: श्रीगोंद्याच्या मातीतला अज्ञात कथाकार.

"आपल्या तालुक्यात लेखक निघाला?" गिऱ्हाईक फेसातून बोललं. "हितं बोअरला पानी निघंना."

"तू त्वांड मीट, न्हायतर नाक जाईल," छगन म्हणाला. "वाच रं पुढं."

मी वाचत गेलो. खडीचं काम. दुष्काळ. डाव्या हाताला अंगठा नव्हता. छगनचा वस्तरा हवेत थांबला.

"अंगठा न्हाई म्हन्ला?"

"व्हय."

"डावा?"

"डावाच."

छगननं वस्तरा पुसला, मिटला, खिशात ठेवला. गिऱ्हाईक अर्ध्या गालावर फेस घेऊन तसंच बसलं. "आसाराम," छगन म्हणाला. "मी त्याचं डोस्कं धा वर्सं भादरलंय. ह्यो आसाराम हाय." मग तो माझ्याकडं बघून म्हणाला, "का रं? हाय का न्हाई?"

"व्हय," मी म्हणालो. "त्योच."

त्या एका 'व्हय'चं वजन अजून माझ्या मानेवर आहे.

दुपारपर्यंत गावभर झालं. सरपंच आबासाहेब पुरवणीची घडी हातात धरून रंभाजीच्या दारात आले. मी माझ्या ओट्यावर होतो.

"रंभ्या, लेका, एवढं मोठं मानूस आपल्या गावचं, आन् तू गप?"

"आबासाहेब, त्यो... त्यो आसाराम न्हाई."

"मग कोन?"

रंभाजीच्या तोंडात उत्तर होतं. मी त्याचं तोंड उघडताना पाहिलं. एकच शब्द, एकाच अक्षराचा: मी. तो आला नाही.

"बघ, नाव सांगायचं न्हाई असं वचन दिलंय तू त्येला. पेपरातच लिवलंय," आबासाहेब म्हणाले. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "दोस्ती असावी तर अशी. आता तू गपच ऱ्हा, आमी बघतो. पाडव्याला वाचनालयाला त्याचं नाव देऊ. आक्काबाईचा सत्कार करू, साहित्यिकाची पत्नी म्हणून. नगरच्या सरांना बोलवू."

आणि मग जाता जाता, चप्पल पायात सरकवताना, ते हळू आवाजात म्हणाले, "फकस्त तेवढं तिच्या कुकवाचं बघाया लागंल. स्वर्गवासी साहित्यिकाची बायको कुकू लावून कशी बसंल खुर्चीवर?"

रंभाजी दाराची चौकट धरून उभा राहिला.

भावकी बसली. दीर, चुलत दीर, जावा. कुणी वाईट माणसं नव्हती. उलट, सव्वीस वर्षं जी गोष्ट त्यांच्या गळ्यात अडकली होती ती मोकळी होणार म्हणून त्यांना हलकं वाटत होतं. मेलेल्या माणसाचं काही केलं नाही, म्हणून घरात हे होतं, ते होत नाही, असं सगळं त्या दिवशी निघालं. ठरलं असं की नदीवर पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, आणि दहाव्यापर्यंत सगळं रीतीनं करायचं.

आक्काबाई मात्र चुलीपुढं भाकरी थापत राहिली. दुसऱ्या दिवशी ती पुरवणी घेऊन माझ्याकडं आली. "वाचून दावा," म्हणाली. मी वाचलं. लेखाच्या शेवटी इमॅन्युएल सरांनी त्या कथेतल्या चार ओळी दिल्या होत्या. मी वाचलं, 'पाणी पिऊन येतो.' आक्काबाईनं हात वर केला.

"ते पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचलं. ती उठली आणि भिंतीला वळसा घालून रंभाजीकडं गेली. पुढचं मी भिंतीतून ऐकलं. ऐकायचं नव्हतं, पण उठून गेलो नाही.

"भावजी, हायसा का?"

"या वैनी."

"बसत न्हाई. एकच इचारते. लोक म्हंत्यात अंगठा, खडी... अंगठं लई जनांचं गेलं. ते मी मानीत न्हाई. पन त्यो मला काय म्हनून गेला ते मी कुनाला सांगितलं न्हाई. आईला न्हाई, जावंला न्हाई. लोकांस्नी मी म्हनत आले, मालक पानी प्यायला गेलाय. पन 'पानी पिऊन येतो' ह्यो त्याचा बोल माझ्यापशी हुता. त्यो तुमच्या वहीत कसा आला?"

भिंतीपलीकडं वहीचे कागद सळसळले.

"भावजी, मेला का त्यो?"

"वैनी," रंभाजीचा आवाज फाटका निघाला, "लिवल्यालं समदं खरंच असतं असं न्हाई."

"मंजी?"

"मंजी... लिवनारा मानूस कायबी लिवतो."

"त्यानं लिवलं का न्हाई?"

वही मिटल्याचा आवाज आला.

"त्यानं लिवलं मंजी त्येला मी ध्येनात हुते," आक्काबाई म्हणाली. ती हे जवळजवळ आनंदानं म्हणाली. "बार्शीला मरताना बी ध्येनात हुते. एवढंच पायजे हुतं मला. भावजी, तुमी त्याच्या वह्या जपल्या, तुमचं लई उपकार."

ती गेली. मग भिंतीपलीकडून खोकला आला, थांबेचना.

आता, रंभाजीला ते वाक्य कुठून ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. विचार केला असता तर कळलं असतं. बाहत्तर साली खडीच्या त्या ढिगावर तोही होता. एकोणीस वर्षांचा. ढिगाच्या पलीकडच्या अंगाला, डोक्यावर फडकं घेऊन, कुणाला दिसणार नाही असा बसलेला.

आठवड्यानं आम्ही नदीवर गेलो. भीमेला पाणी कमी होतं, वाळू तापलेली. गव्हाच्या पिठाचा पुतळा केला होता, हातभर लांब, जावांनी मळलेला. डोकं, धड, पाय, दोन हात, हातांना बोटं. अग्नी आसारामचा भाचा देणार होता, छगन त्याची हजामत करत होता. रंभाजी लांब, बाभळीखाली उभा होता. मी त्याला म्हणालो, "म्होरं ये की, तू त्याचा दोस्त." तो हलला नाही.

लाकडं रचली. पुतळा उचलणार तेवढ्यात आक्काबाई म्हणाली, "थांबा."

ती वाळूत बसली. पुतळ्याचा डावा हात तिनं आपल्या तळव्यावर घेतला, जसा ती त्याच्या गळत्या ओंजळीखाली तळवा धरायची तसा. आणि दोन बोटांच्या चिमटीनं त्या हाताचा अंगठा हळूच खुडून काढला.

"आता हाय," ती म्हणाली. "आता त्योच हाय."

बायका तोंडात पदर घालून रडल्या. कुणीतरी तिच्या कपाळावरून ओला हात फिरवला. ते कुंकू एका हातानं निघालं नाही, तीनदा पुसावं लागलं. खाली कातडी पांढरी निघाली, वाटोळी, सव्वीस वर्षं ऊन न लागलेली. मी बाभळीकडं पाहिलं. रंभाजी खाली बसला होता आणि त्यानं दोन्ही हातांनी कान झाकले होते. डोळे मात्र उघडे होते.

पाडव्याला वाचनालयापुढं मांडव घातला. नव्या पाटीवर फडकं टाकलेलं. इमॅन्युएल सर आले, पंकज आला. आक्काबाईला मधल्या खुर्चीवर बसवलं. कपाळ मोकळं, पदर डोक्यावरून गळ्यापर्यंत. तिला शाल दिली, नारळ दिला. पाठीमागच्या बायकांत ओटी भरायचं ताट आलं होतं, ते कुणाच्या तरी लक्षात येऊन मागच्या मागं नेलं. आक्काबाईनं ते ताट जाताना पाहिलं.

मग आबासाहेबांनी रंभाजीला बोलावलं. "दिवंगत मित्राची एक कथा वाचतील."

रंभाजी माइकपुढं आला. त्यानं वही उघडली, पण वाचली नाही. उलटी केली. कागदाची छापील बाजू लोकांपुढं धरली.

"ह्ये बगा. गेटपास. साल बगा. चौऱ्यान्नव." त्याचा आवाज माइकमधून शिट्टीसारखा निघत होता. "आसाराम भात्तरला गेला. कारखान्याचा चौऱ्यान्नवचा कागद त्येला कुठनं भेटंल? ह्ये मी लिवलंय. समदं मी लिवलंय. भीमाकाठे कुनी न्हाई. बार्शी न्हाई, धर्मशाळा न्हाई. आसारामचं काय झालं ते मला ठावं न्हाई!"

मग मागून कुणीतरी हसलं.

आबासाहेब उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण सरांपुढं त्यांनी आवाज सांभाळला. "रंभाजी, जुनी वही फाटली म्हनून तू गेटपासवर उतरून घेतलं आसंल. त्येचं कवतिकच हाय. पन मेल्या मानसाचं लिवनं आपल्या नावावर घ्यायचं, ते बी त्याच्या बायकूम्होरं?"

"उतरून न्हाई घेतलं—"

"आन् एवढं तुला येतंय, तर इतकी वर्सं कुनी छापलं का न्हाई?"

रंभाजीनं वही मिटली. त्यानं इमॅन्युएल सरांकडं पाहिलं. सरांनी नजर वहीवर ठेवली होती. सज्जन माणूस. त्यांना कळलं होतं की नाही ते मी सांगू शकत नाही. त्यांच्या हातात पाटीवरच्या फडक्याची दोरी होती.

तेव्हा रंभाजी खुर्चीकडं वळला. माइक सोडून, हळू बोलला. पुढच्या रांगेला तेवढं ऐकू आलं. "वैनी, मी ढिगाच्या पल्याड हुतो. त्यो म्हन्ला, 'पाणी पिऊन येतो.' तुमी म्हन्लाव, 'माझ्यासाठी बी आन.' "

आक्काबाईनं मान वर केली. ते दुसरं वाक्य कुठल्या कथेत नव्हतं, कुठल्या पेपरात नव्हतं. ती त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. एकेक करून काहीतरी विझत गेलं, जसे कारखाना बंद होताना दिवे जातात.

"नदीवर हुतासा का तुमी?" तिनं विचारलं.

"व्हय."

"बगत हुतासा?"

"व्हय."

"मी अंगठा काढला ते बी?"

रंभाजीनं होय म्हणून मान हलवली.

"मग आता सांगून काय करू, भावजी? मी जाळून आले न्हवं त्येला."

सरांनी दोरी ओढली. फडकं पडलं. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवण्यासाठीच लोक जमले होते, आणि हात मोकळे होते.

वैशाखात आबासाहेबांच्या मुलीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी वाजंत्री आमच्या गल्लीतून गेली. पाच सवाष्णी ताट घेऊन चालल्या होत्या. आक्काबाई दारात उभी होती. वाजंत्री जवळ आली तशी ती आत गेली आणि दार ओढून घेतलं. त्या घरात जात्यावर कुणालाच ओव्या धड येईनात. मध्येच अडायच्या, बायका हसून वेळ मारून न्यायच्या. पहिल्या ओवीची पहिली ओळ ज्या बाईला येत होती ती चार घरं पलीकडं बंद दारामागं बसली होती.

तिला कुणी खरं मानायला लावू शकत नव्हतं, आणि खोटंही. नवरा जिवंत असेल तर तिनं जित्या माणसाला अग्नी दिला. मेला असेल तर कधी, कुठं, तिला आठवत मेला की विसरून, यातलं काहीच तिच्यापाशी उरलं नाही. पुसलेलं कुंकू परत लावायची रीत आमच्याकडं नाही. पुसायची आहे.

रंभाजीनं लिहिणं सोडलं. भिंतीपलीकडून आता दिवसभर खोकला येतो. वह्या त्यानं इमॅन्युएल सरांनाही दिल्या नाहीत, जाळल्याही नाहीत. पण मंगळवारची डाक चालू होती. जूनच्या एका मंगळवारी, वडाची पौर्णिमा जवळ आली होती तेव्हा, तो पुन्हा पंकजच्या क्लासवर गेला. पुस्तकांबद्दल काही नाही म्हणाला. "गटाला एवढं लिव्ह," म्हणाला, आणि उभ्या उभ्या सांगितलं.

आसाराम नावाचा माणूस. आज असला तर पन्नाशीच्या वर. डाव्या हाताला अंगठा नाही. ओंजळीनं पाणी पितो तेव्हा त्या बाजूनं पाणी गळतं. बाहत्तर साली गेला. त्याच्या बायकोला, तो आहे की नाही, एवढंच कळलं पाहिजे. कुणी पाहिला असेल तर कळवा.

पंकजनं ते जसंच्या तसं टाइप केलं. एक अक्षर बदललं नाही, असं तो मला शपथेवर म्हणाला.

पुढच्या मंगळवारी डबा किंचाळला, गुरगुरला, गप्प झाला. तेहतीस उत्तरं होती. पंकज वाचू लागला. मस्कतच्या बाईंनी लिहिलं होतं, किती थोड्या शब्दांत केवढं दुःख. अमेरिकेतल्या इंजिनिअरला ओंजळीतून गळणाऱ्या पाण्याची कल्पना अपूर्व वाटली. पुण्याच्या गृहस्थांनी लिहिलं, ही शैली लपत नाही. रंभाजी, भीमाकाठ्यांची आणखी एक वही सापडली म्हणायची!

पंकज थांबला. "बाकीची पण..."

"पुरं," रंभाजी म्हणाला.

त्यानं पिशवी उचलली. क्लासवर तो परत गेला नाही. पण मंगळवारी काम एकला आटपतं आणि गाडी पाचची असते. ते चार तास तो स्टँडवरच्या पाणपोईजवळ असतो. मी एकदा नगरला गेलो तेव्हा पाहिला. पाणपोईवरचा साखळीला बांधलेला पेला कुणी वापरत नाही. माणसं खाली वाकतात, ओंजळ धरतात, वरून कुणी पाणी ओततं. रंभाजी खाकी पिशवी पोटाशी धरून खांबाला टेकलेला असतो, आणि पाणी पिणाऱ्या प्रत्येक माणसाचा डावा हात बघतो.